राखेतला गोळा

परभणी,
ता. ४ फेब्रुवारी १९७३

सरजावहिनी,

जयभीम. ‘सप्रेम’ हा शब्द मुद्दाम गाळला आहे. सहा वर्षांत तुमच्या घरून मला एकच कार्ड आलं, ते माझा भाऊ सिताराम गेल्याचं, आणि तेही माती होऊन तीन दिवस झाल्यावर. तेव्हा प्रेमाचं नाटक नको. कामाचं लिहितो.

सोनपेठच्या बुद्धविहाराला वीतभर उंचीची मूर्ती करून देण्याचा शब्द मी तिथल्या समितीचे आश्रुबा यांना दिला आहे. १७ मे रोजी बुद्धपौर्णिमा, त्या दिवशी मूर्ती बसायची आहे. आधी मातीत घडवायची, मग साचा काढून प्लास्टरमध्ये ओतायची. साध्या मातीला रोज पाणी मारावं लागतं आणि यंदाच्या दुष्काळात परभणीत प्यायलाच पाणी नाही. तेव्हा तेलात मळलेली मेणमातीच हवी. मुंबईला दोनदा लिहिलं. माल नाही, असं उत्तर आलं.

सितारामने हैदराबादहून मेणमातीची पेटी आणली होती. तिथे ज्याच्या हाताखाली तो शिकला त्या मूर्तिकाराने त्याला निघताना दिली, असं तुम्ही म्हणाल. पण त्या पेटीचं एक कडं त्याच्या हातात होतं आणि दुसरं माझ्या. तिच्यावर माझाही हक्क आहे. तुम्हाला पोरबाळ नाही, मूर्ती घडवणारा गेला, मग ती माती काय चाटायची आहे? कुणाबरोबर तरी गंगाखेडपर्यंत पाठवा. तिथून मी नेईन.

सूर्यभान


राणीसावरगाव,
रविवार, ११ फेब्रुवारी

सूर्यभान भावजी,

जयभीम. तुमचं पत्र आज वाचलं. पालमच्या रस्त्याला दुष्काळी काम निघालंय, तिथं खडी फोडायला जाते. आठवडाभर तिथंच पालात राहते आणि रविवारची तेवढी घरी येते. म्हणून उत्तराला उशीर.

माती मिळणार नाही. ती मोकळी नाही.

कार्ड उशिरा आलं म्हणता. ते आठ महिने अंथरुणाला होते, तेव्हा परभणीहून राणीसावरगावला गाडी येत नव्हती का? तुम्ही आला असता तर कार्डाची गरजच पडली नसती.

एक विचारते. विचारायची इच्छा नव्हती, पण दुसऱ्या कुणाला कळत नाही. माती मी नीट ठेवली आहे. तुरीचं बियाणं ठेवतो तशी, मडक्यात राख घालून, तोंड शेणामातीनं लिंपून. कीड लागू नये म्हणून. पण मागं एकदा बोट लावून पाहिलं तर दगडासारखी लागली. ती मोडल्याशिवाय मऊ होते का? ते असताना मळून मळून माझे हात तेलकट असायचे, पण कडक झालेली मऊ कशी करायची हे त्यांनी कधी सांगितलं नाही, कारण त्यांच्या हातात ती कधी कडक झालीच नाही.

एवढं सांगा. बाकीचा शहाणपणा तुमच्या शाळेतल्या पोरांसाठी ठेवा.

सरजाबाई


परभणी,
ता. १७ फेब्रुवारी

वहिनी,

राखेत! पत्र वाचून मी डोक्याला हात लावला. केशरला, तुमच्या जावेला, वाचून दाखवलं, तर तीसुद्धा हसली, आणि तिला चित्रकलेतलं ओ की ठो कळत नाही. अहो, ती तूर नव्हे. मेणमातीत तेल असतं म्हणून ती मऊ राहते. राख तेल पिते. कागद पितो, कापड पितं, राख तर सगळ्यात जास्त पिते. दोन वर्षं तुम्ही त्या मातीचं रक्त काढत होतात आणि वर म्हणता नीट ठेवली. गाढवाला गुळाची चव काय, म्हणतात ते असं.

सांगू नये असं वाटत होतं, पण मी मास्तर आहे, राहवत नाही. ऐका. पाणी लावायचं नाही, कधीच नाही. तारेने पातळ काप काढायचे, तार चालत नसेल तर फोडून चण्याएवढे तुकडे करायचे. पत्र्यावर पसरून सकाळच्या उन्हात तास-दोन तास ठेवायचे. चुलीजवळ नाही, मेण वितळून वेगळं होतं. मग थोडं थोडं एरंडेल घालून मळायचं. गोडेतेल नको, महिन्यात वास मारतं. व्हॅसलीन मिळालं तर उत्तम. मऊ झाली की मेणकापडात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवायची.

आणि ‘मोडल्याशिवाय’ म्हणजे काय? माती वापरायची आहे की देव्हाऱ्यात ठेवून पूजायची आहे? देव्हारे तर आपण छप्पन्न साली सोडले. मोडल्याशिवाय मऊ होत नाही. तुमच्याने ते होणारही नाही. मडकं आहे तसं पाठवा, मी जमेल तेवढी वाचवतो.

सूर्यभान


राणीसावरगाव,
रविवार, २५ फेब्रुवारी

भावजी,

पेटीच्या तळाला लिंबाएवढी माती चिकटून राहिली होती. तिच्यावर तुमची रीत करून पाहिली. फोडून, उन्हात ठेवून, एरंडेल घालून मळली. लोण्यासारखी झाली. तुमच्या तोंडून निघालेली एक गोष्ट खरी ठरली, लिहून ठेवते.

पण मी विचारलं ते तुम्ही सांगितलंच नाही. आतला गोळा तसाच ठेवून नुसता वरचा पापुद्रा मऊ करायचा असेल, तर? कोमट तेलाचा बोळा फिरवला तर चालेल का? किती दिवस?

तुम्ही मला गाढव म्हणालात. बरं. मग त्या गाढवालाही ठाऊक असलेली एक गोष्ट सांगते. तुम्ही ड्रॉईंग मास्तरच्या परीक्षेला म्हाताऱ्याचं एक डोकं ठेवलं होतं, त्यावर तुम्हाला पहिला वर्ग मिळाला. ते डोकं कुणाच्या हातचं होतं? माती मी मळली होती, दिवा मी धरला होता आणि घडवलं त्यांनी. तुम्ही ते बघायला म्हणून नेलंत, तळाशी स्वतःचं नाव कोरलंत आणि परत आलात ते पेढे घेऊन. मी भांडायला निघाले तर ते म्हणाले, “जाऊ दे सरजे. त्याला नौकरी लागायलीय, माझं काय जातंय?” पण त्यानंतर तुमच्या तोंडाकडं बघणं त्यांना जड जायचं. तुम्ही येणं का सोडलंत ते मला माहीत आहे. लाजेनं नाही. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, तेच तुम्हाला सहन होईना.

आता सोनपेठच्या मूर्तीलाही त्यांचीच माती पाहिजे. आयत्या बिळावर नागोबा.

सरजाबाई


परभणी,
ता. ३ मार्च

वहिनी,

परीक्षेचं पुन्हा काढलंत तर परिणाम बरा होणार नाही. ते डोकं आम्ही दोघांनी केलं होतं. कपाळ माझं होतं. तुम्ही दिवा धरून बसला होतात, दिवा धरणाऱ्याला काय दिसतं?

तुम्ही त्या मातीवर बसून आहात ती निव्वळ माझ्या द्वेषापोटी, हे आता स्पष्ट झालं. ‘वरचा पापुद्रा’, ‘तेलाचा बोळा’ ही सगळी टाळाटाळ आहे. वरवर तेल चोळून काही होत नाही. आत कोरडं आणि बाहेर ओलं झालं की भेगा पडतात, आणि पापुद्रा सुटून हातात येतो. आता झालं समाधान?

मी विहाराला शब्द दिला आहे. तो माझ्या एकट्याचा नाही, सोनपेठच्या साठ घरांचा आहे. त्या लोकांनी खडी फोडून विहाराच्या भिंती उभ्या केल्या. आत बसवायला बुद्धाची मूर्ती नसेल तर ते मला विचारणार, आणि मी काय सांगू? एका बाईने सूड म्हणून मातीचं मडकं दाबून ठेवलं?

पाठवत नसाल तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन. भावाच्या घरात शिरायला मला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

सूर्यभान


राणीसावरगाव,
रविवार, ११ मार्च

भावजी,

येऊ नका. आधी हे वाचा.

तुम्हाला सांगायचं नव्हतं. हसाल, मास्तरकी दाखवाल, नाहीतर उचलून नेऊन खाली नाव कोराल, हे भय होतं. पण तुम्ही येतो म्हणता, तेव्हा सांगून टाकते.

मडक्यात नुसती माती नाही. त्यांचं तोंड आहे. मी घडवलं आहे.

त्यांचा फोटो नाही, तुम्हालाही ठाऊक आहे. ते गेले त्याच्या पाचव्या दिवशी मी पेटी उघडली. अकरा वर्षं मळत होते, घडवलं कधीच नव्हतं. पण त्यांचे हात कसे चालायचे ते मी बघितलं होतं, आणि आठ महिने त्यांचं तोंड पुसलं होतं, तेव्हा कुठं खड्डा आणि कुठं हाड हे माझ्या बोटांना ठाऊक होतं. महिनाभर केलं. नारळाएवढंच आहे, पण तेच आहेत. मालनबाई, माझी शेजारीण, तिला दाखवलं तर तिनं डोक्यावर पदर घेतला. “आगं, ह्ये तर सिताराम हाय,” म्हणाली आणि बाहेर जाऊन रडली.

फक्त डावी भुवई राहिली आहे. ती मला जमेना, म्हणून थांबले. उंदीर-घुशीनं कुरतडू नये म्हणून माझ्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांत गुंडाळलं आणि राखेत ठेवलं. बियाणं जपतात तसं जपलं. राख तेल पिते हे मला कुणी शिकवलं होतं?

आणि हेही सांगते, तुम्हाला आनंद व्हायचा तर होऊ द्या. आता मी डोळे मिटले की त्यांचं तोंड येत नाही. खडी फोडताना आठवायला बघते, तर नुसता खोकला आठवतो. ते तोंड पुन्हा करायचं म्हटलं तर मला करता येणार नाही. म्हणून विचारत होते मोडल्याशिवाय मऊ होतं का. तुम्ही पूजेची थट्टा केलीत.

हे पत्र उद्या मालनबाई पेटीत टाकेल. मी पहाटेच्या ट्रकनं कामावर जाते.

सरजाबाई


परभणी,
ता. १५ मार्च

वहिनी,

माती माझ्याकडे आहे. तुम्ही फक्त रविवारी घरी असता हे तुम्हीच कळवलं होतंत, म्हणून मंगळवारी आलो. भांडण टाळलं, उपकार माना. तुमच्या शेजारच्या म्हातारीने किल्ली द्यायला आधी आढेवेढे घेतले. ती काहीतरी सांगत होती, पण माझी परतीची गाडी होती. भावाची वस्तू आहे, म्हटलं आणि मडकं उचललं.

काल ते फोडलं. आतली अवस्था बघून तुम्हाला समोर उभं करावंसं वाटलं. राख आणि तेल मिळून वरती चुन्यासारखं कवच झालेलं, त्याच्या आत लुगड्याच्या चिंध्या, आणि चिंध्या मातीत अशा रुतलेल्या की सोलत बसलो असतो तर आठवडा गेला असता. मी सरळ कापडासकट वरवंट्याने गोळा फोडला. दोन घाव लागले. मग चिंध्या वेचून काढल्या, चण्याएवढे तुकडे केले आणि पत्र्यावर उन्हात घातले. आज निम्मी माती मळून झाली. माझ्या हाताखाली ती परत जिवंत झाली आहे.

तुकडे करताना त्यात एक कान निघाला. सितारामने कधीतरी सराव म्हणून केला असणार. कान उत्तम होता, हे कबूल करतो. पाळीची वळणं अशी काढायला डोळा लागतो. तुम्ही माझ्या परीक्षेचे टोमणे मारता म्हणून सांगतो, मी आमच्या सितारामचा हात कधीच नाकारला नाही. क्षणभर ठेवून घ्यावासा वाटला, पण माती कमी पडेल म्हणून तोही मळून टाकला.

आता यावर पत्रव्यवहार नको.

सूर्यभान


राणीसावरगाव,
रविवार, १८ मार्च

सूर्यभान,

आजपासून भावजी म्हणणार नाही.

घरी आले तर कोपऱ्यात मडक्याची जागा रिकामी आणि उंबऱ्यात तुमचं पत्र. मालनबाई दाराबाहेरूनच बोलली, आत येईना. “म्या सांगायलेच होते, सितारामचं तोंड हाय त्येच्यात म्हनून. ऐकूनच घेतलं न्हाई त्येनं. मडकं काखेत मारलं अन् चालला.”

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दोन घाव लागले, असं लिहिलंय. पहिला कुठं बसला?

तो सराव नव्हता. तो कान मी केला होता. आठ दिवस लागले होते. तुम्ही त्याला उत्तम म्हणालात आणि मळून टाकलात. सख्ख्या भावाचं तोंड दोन हातांत धरून बसलात आणि ओळखलं नाही. पोरांना बघायला शिकवता म्हणे.

मला रडू येत नाही, राग येतो. तुम्ही मेलात तरी मला बरं वाटणार नाही, कारण त्यानंही ते परत येणार नाही. त्यांना दोनदा मातीला द्यावं लागलं, आणि या दुसऱ्या वेळी तुम्ही मला नंतर कळवलंत.

उत्तर पाठवू नका.

सरजाबाई


परभणी,
ता. २ एप्रिल

वहिनी,

उत्तर पाठवू नका म्हणालात, तरी पाठवतो. फाडायचं असेल तर वाचून फाडा.

तुमचं अकरा तारखेचं पत्र मला सोळाला मिळालं. शाळेतून आलो तेव्हा ते दारात पडलेलं होतं आणि माती मळून टेबलावर तयार होती. पत्र्यावर थोडे तुकडे शिल्लक होते, ते जुळवायला बसलो. ड्रॉईंग मास्तर आहे, जुळेल असं वाटलं. ओठाचा कोपरा सापडला, की तसं मला वाटलं. बाकी काही नाही. मग मी नुसतं आठवून त्याचं तोंड कागदावर काढायला घेतलं. चाळीस कागद फुकट गेले. मला त्याचं तोंड आठवत नाही, वहिनी. शेवटची चार वर्षं मी ते बघितलंच नव्हतं. ज्याच्यासमोर जायची लाज वाटते त्याचं तोंड माणूस बघत नाही. तुम्ही लाज नव्हती म्हणालात. होती.

ते म्हाताऱ्याचं डोकं त्याचंच होतं. कपाळही त्याचंच.

आश्रुबांना मी कळवलं की यंदा मूर्ती होणार नाही. ते पुष्कळ बोलले. ऐकून घेतलं.

केशर परवा म्हणाली, “कागद कशाला नासायलात? आरशात बघा की.” मला ते आधी कळेना. मग म्हणाली, लग्नात तिच्या बापाने सितारामलाच नवरदेव समजून टिळा लावला होता. तेव्हा मी आरसा खाली घेऊन उजेडात बसलो. कपाळ, नाकाचं हाड, जबडा सगळं त्याचंच आहे. तो मिशी ठेवत नव्हता, मी ठेवत होतो. काल काढून टाकली. शाळेत पोरं हसली.

माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही देणार नाही, आणि देऊही नये. माती सगळी मळून मेणकापडात गुंडाळून डब्यात ठेवली आहे, त्यातली चिमूटभरही मी वापरलेली नाही. ती घेऊन येतो. तुम्ही सांगाल तितके रविवार तुमच्यासमोर बसतो. तुम्ही माझ्यावरून त्याचं तोंड पुन्हा घडवा. मला एवढंच देता येण्यासारखं आहे.

सूर्यभान


राणीसावरगाव,
रविवार, ८ एप्रिल

सूर्यभान भावजी,

पत्र फाडलं नाही. कशाला फाडू, मागच्या बाजूला हे लिहायला कागद मिळाला.

तुमचं तोंड समोर घेऊन बसायचं, या कल्पनेनंच माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मालनबाई म्हणाली, बोलवू नको, काठीनं हाण. पण गेल्या रविवारी मी राहिलेली लिंबाएवढी माती घेऊन बसले होते, आणि माझी बोटं नुसती फिरत राहिली. कुठं जायचं हे त्यांना कळेना. माझं मन काही म्हणो, बोटांना हाड पाहिजे. म्हणून लिहिते.

पुढच्या रविवारी पहिल्या गाडीनं या. डबा मांडीवर घेऊन बसा, टपावर टाकू नका. चहा मिळणार नाही. पाणी मिळेल, इथं टँकर येतो.

मला चार रविवार लागतील. तुमच्या शाळेला सुट्टी लागली तर मी कामाला खाडे करून रोज करीन, म्हणजे लवकर उरकेल. मी थांब म्हटलं की साचा तुम्ही काढायचा आणि प्लास्टरमध्ये ओतायचा, ते मला येत नाही. तळाशी कुणाचंही नाव घालायचं नाही. मग माती न्या आणि सोनपेठची मूर्ती करा. पौर्णिमा गाठता आली नाही तर पुढं केव्हातरी बसवा, पण आश्रुबांना दिलेला शब्द माझ्या नावावर मोडू नका. त्या साठ घरांनी माझं काही वाईट केलेलं नाही.

दारात, उजेडाकडं तोंड करून बसायचं. डोळे खाली ठेवायचे. माझ्याशी एक अक्षर बोलायचं नाही, माफीचंसुद्धा नाही. तुम्ही बोलायला लागलात की तोंड तुमचं होतं, आणि मला तुमचं तोंड नको आहे.

सरजाबाई